गावानं दिलेलं आडनाव

आमचं आडनाव अजिंठ्याकडच्या एका खेड्याच्या नावाला 'कर' जोडून झालेलं. पण त्या खेड्यात आमचं ना घर, ना वावर, ना भावकी. आजोबा वडिलांच्या लहानपणीच गेले, मग विचारणार कुणाला? बजाजनगरात राहून वडिलांनी उभी हयात कारखान्यात काढली. निवृत्त झाले तसा त्यांनी ध्यासच घेतला, आणि मला घेऊन ते त्या गावी गेले.

शाळेच्या मास्तरांनी जुनं रजिस्टर काढून दिलं. पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं नि गावात मराठी शाळा सुरू झाली, तेव्हाचं. त्यात आजोबांचं नाव होतं. पण ते आडनाव पानावर दुसऱ्या कुणाचंच नव्हतं.

मग मास्तरांनी आम्हाला नव्वदीच्या एका म्हातारीकडे नेलं. तिनं वडिलांना निरखून पाहिलं.

"तू त्याचा पोरगा व्हय? त्याची माय ह्या गावची लेक. नवरा मेला तसं सासरच्यांनी हाकललं. पोराला घेऊन भावाकडं आली. मी तवा शेजारच्या घरात नवी सून. आमी दोघी संगं पाण्याला जायचो."

शाळेत नाव घालताना आडनावाचा प्रश्न आला. भाऊ म्हणाला, "माझं लावू नका. उद्या वावरात हिस्सा मागंल." सासरचं ती लावू देईना. शेवटी तेव्हाच्या मास्तरांनी गावाचंच नाव लावून टाकलं.

"पोरगं चौथीत असताना ती तापानं गेली," म्हातारी म्हणाली. "मग पोरगंबी शहराकडं निघून गेलं."

"तिचं नाव काय होतं?" वडिलांनी विचारलं.

म्हातारी बराच वेळ आठवत राहिली. "समदे पोराची माय म्हनायचे. नाव नाय बाबा आठवत."

 आठवड्यानं वडिलांनी गुलमंडीच्या बाजारातून निळं नऊवारी लुगडं घेतलं आणि आम्ही पुन्हा म्हातारीकडे गेलो.

"माझ्या आजीला घ्यायचं राहिलं," ते म्हणाले. "तुम्ही नेसा."

लुगड्याच्या घडीवरून हात फिरवता फिरवता तिला रडू फुटलं. "तिच्याकडं दोनच व्हती रे. त्यातलं एक माझं, जुनेरं."

वडील तिच्या पायाशी बसून हमसून हमसून रडले. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं.

म्हातारीनं डोळे पुसले, सुनेला ताट वाढायला सांगितलं. "भावाच्या घरात तिला कुणी पोटभर जेव म्हनलं नाय," ती म्हणाली. "तू तरी जेव."