कलमावर गेलेली बाळंतपणाची रजा

"रजा कशाची घेतलीत तुमी, ता आदी सांगा."

"बाळंतपनाची. सरकार देता आता बापयांना पन. पंधरा दिस."

"मग थय आंब्याच्या कलमावर कोन बाळंत झालाय?" चिमानं नवऱ्याला विचारलं.

अनिल हसला. आंबे उतरवायचा झेला त्याच्या खांद्यावर होता आणि एक पाय उंबऱ्याबाहेर. ओटीवरून त्याचा बाप महिपत बोलला, "चिमे, बापयानं पोर मांडीवर घेऊन बसायचा? वाडी हसंल. नि आंबा काय थांबतोय?"

पावस गावाकडे एप्रिलात नोकरीवाला रजा काढतो ती आंब्यासाठीच. कागदावर काहीही लिहिलेलं असो. पोस्टातला अनिल तरी वेगळा कशाला वागेल?

चिमा कामावर जायला नेसून तयार होती. आंब्याचा रस डब्यांत भरायच्या कारखान्यात तिची सात वर्षं गेलेली. तीन महिन्यांची बाळंतरजा कालच संपली होती. "वेळेवर आलीस तर औंदा मुकादम तूच," असं मालक स्वतः म्हणाला होता. सोलणाऱ्या चाळीस बायांवर आजवर बाई मुकादम झाली नव्हती. चिमाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, ती पंधरा दिवसांनी येणार होती. तोवर पोरीला बघीन, हे अनिलनंच कबूल केलेलं.

"आटवडाभर गो. पयली तोडणी झाली का बसतोच मी घरात."

तो गेला. पोर रडायला लागली. चिमानं चपला काढल्या.

शेजारची राही त्याच कारखान्यात जायची. तिच्या हाती निरोप गेला, दोन दिवस थांबा. मग आणखी चार. पहिल्या तोडणीमागून दुसरी आली. अनिल दिवस मावळता घरी यायचा, आंब्याच्या चिकानं भाजलेले हात दाखवायचा आणि तेल मागायचा. चिमा तेल द्यायची. पुढे तिनं निरोप धाडणंच सोडलं.

सोळाव्या दिवशी अनिल पोस्टात गेला, आई आली आणि चिमा कारखान्यात. दारात हजेरीची वही घेऊन दादू उभा. हिरवा आंबा कुठला, रसाचा कुठला, हे त्याला तिनंच शिकवलेलं.

"चिमाताय, मी नाय मागितली गो मुकादमी," तो खाली बघत म्हणाला. "मालक बोलले, बाईमानसाचा पोराबाळांचा असता, सीजनात भरवसा नाय."

चिमासारखी दादूलाही याच थंडीत मुलगी झाली होती. ती कोण सांभाळतं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"तुजी लेक कशी हाय रे?" चिमानं विचारलं.

"बरी हाय."

"बरा झाला. माजी हजेरी लाव."

आत जाऊन ती राहीशेजारी पाटावर बसली. राहीनं आंब्यांची पाटी तिच्याकडे सरकवली. दहा वाजले, पोरीच्या दुधाची वेळ झाली तशी चोळी पुढून भिजली. चिमानं पदर ओढून घेतला, पाटीतला आंबा उचलला आणि देठाकडून सुरी लावली.