श्रावण पाहून आला

दोन मुठींच्या करवतीवर माणसाची पारख लवकर होते. आपण ओढायचं, मग सैल सोडायचं. मग समोरच्यानं ओढायचं. ढकलायचं कोणीच नाही. ढकललं की पातं वाकतं आणि समोरच्याचा खांदा भरून येतो. समोरचा अर्ध्या मनानं ओढत असेल तर ते मुठीतूनच कळतं. श्रावण एकवीस वर्षं माझ्यासमोर करवतीला बसला आणि त्यानं एकदाही ढकललं नाही. त्याच्याबद्दल लिहायचं तर आधी हे लिहिलं पाहिजे.

आमचं काम आलापल्लीच्या पुढच्या जंगलात, सागाची झाडं पाडायचं. कामगारांची संस्था होती, ती काम घ्यायची आणि गुणवंतराव आमचे मुकादम होते. श्रावण उंच, काटक आणि बोलका. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, म्हणून मला डोमाभाऊ म्हणायचा. झाडापाशी पोचला की बुंध्याला हात लावून वर शेंड्याकडे पाहायचा आणि झाड कुठे पडेल ते सांगायचा. माझ्या माहितीत तो दोनदाच चुकला.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत, सकाळी दहाच्या सुमाराला, त्यानं करवतीची मूठ सोडून दिली. काम चालू असताना मूठ सोडणारा माणूस तो नव्हता. मागे वळून म्हणाला, "मले मारलं कोनं?" मागे कोणीच नव्हतं. मग डोकं धरून खाली बसला आणि ओकला. लाकडाच्या ट्रकनं त्याला आलापल्लीला आणलं, तिथून चंद्रपूर, तिथून नागपूर. बायको रुखमा बरोबर होती. मेंदूतली एक रक्ताची नळी फुग्यासारखी फुगली होती आणि ती फुटली, असं डॉक्टरनं तिला सांगितलं. कवटी उघडून त्या फुग्याच्या तोंडाशी धातूचा चिमटा बसवला. बेचाळीस दिवसांनी तो घरी आला. एका बाजूचं कपाळ जरा खोल गेलं होतं.

मी भेटायला गेलो तर म्हणाला, "डोमाभाऊ, माह्या डोक्यात आता चिमटा हाय. तुही लुंगी वाळत घालाची असन तं सांग."

हसलो. वाटलं, माणूस पूर्ण परत आला.

चालायचा नीट, हातात जोर होता, बोलायचा पहिल्यासारखाच. दुपारी डोकं दुखायचं, मग झोपायचा. फिट येऊ नये म्हणून गोळ्या होत्या. आमटी करपली तरी त्याला वास येत नव्हता. हे सगळं समजण्यासारखं होतं. न समजणारं वेगळंच होतं. एके दिवशी त्यानं मला सिरोंच्याच्या एका लग्नाची हकीकत सांगितली. गेल्या आठवड्यात गेलो होतो, गोदावरीची मासोळी होती, वाढणारा तेलुगू बोलत होता, भात कमी पडला. सगळं तपशिलानं. बाहेर आल्यावर मी रुखमाला विचारलं, "प्रवास झेपला का त्याले?"

"कोनता प्रवास?" ती म्हणाली. "दवाखान्यातून आल्यापासून मानूस फाटकाच्या बाहेर नाई गेला, भाऊ."

मला वाटलं, गंमत करतो. पण गंमत करताना श्रावणचा डावा डोळा बारीक व्हायचा. त्या दिवशी झाला नव्हता.

डिसेंबरात नवं काम लागलं. श्रावण हातात भाकरीचं फडकं घेऊन गुणवंतरावांसमोर उभा राहिला. त्याला त्याची जागा परत हवी होती. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. डॉक्टरनं विहीर आणि विस्तव यांच्यापासून जपायला सांगितलं होतं, झाडांबद्दल काही सांगितलं नव्हतं. गुणवंतराव माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमी जिम्मेदारी घेता का?" मी घेतली. मूठ धरून पाहिल्यावर तर शंकाच उरली नाही. ओढ तीच होती, सरळ आणि पूर्ण.

पण करवतीखेरीज जे काम असतं ते बिघडलं होतं. फटीत पाचर मार म्हटलं की "मारली" म्हणायचा, आणि पाचर तिथेच पालापाचोळ्यात पडलेली. पाणी आणायला जायचा आणि रिकामा डबा घेऊन यायचा. विचारलं तर म्हणायचा, "नाल्यावर वाघाचे पाय होते, मनून नाई उतरलो." मी जाऊन पाहिलं, वाघाचा काय, कुत्र्याचाही ठसा नव्हता. आळशी माणसाबरोबर मी काम केलेलं नाही. हा आळशी झाला, आणि वर खोटं बोलायला शिकला, असं मी धरून चाललो. दवाखान्यातल्या आरामाची सवय लागली असेल. तसं मी रुखमाला सांगितलंही.

ती हातातलं सूप खाली ठेवून उभी राहिली. "तुमच्यापाशी चुकवते मनता काम? माह्या घरी या आनि पाहा. सकाळी लाकडं फोडते. जेवते. मंग तेच लाकडं आनखी फोडते. चुलीत घालाले आता लाकडं नाई, दातकोरनं उरले हायेत. असा आळशी मानूस तुमी पाह्यला का कुठी?"

आळशी नाही, तर मग काय?

झाड पाडायची एक रीत आहे. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला कुऱ्हाडीनं खाच घ्यायची. मग करवत लावण्याआधी दोघांपैकी एकानं त्या बाजूला झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर चालत जायचं, तिथे कोणी माणूस, कोणाचं जनावर आहे का ते पाहायचं आणि परत येऊन सांगायचं. जंगलात बाया सरपणाला येतात. नाल्यात बसलेल्याला हाळी ऐकू जात नाही. हे पाहून यायचं काम पहिल्यापासून श्रावणचं होतं. त्याचे पाय लांब.

जानेवारीतल्या एका सकाळी मी खाच घेतली आणि पाठ करून करवतीच्या पात्याला राकेल चोळत बसलो. सागाचा चीक धरला तर पातं अडकतं. वळलो तर श्रावण बुंध्याला हात लावून उभा.

"पाहून आलो. कोनी नाई."

मला तो जाताना दिसला नव्हता, येतानाही नाही. पाचर मारली म्हणतो तसंच हे, असं वाटलं. डोकं तापलं. मी करवत खाली ठेवली आणि स्वतः चालत निघालो. खरं सांगायचं तर मी माणूस वाचवायला गेलो नाही, त्याचं खोटं पकडायला गेलो.

चाळीस पावलांवर नाल्याचा काठ होता. काठाखाली सोमारी बसली होती, आमच्याच बाजूच्या पाड्यावरची म्हातारी. मोळी बांधून तयार.

"सोमारीबाई, इथी काऊन बसली? झाड तुह्या आंगावरच पडलं असतं ना!"

"मंग तो श्रावन काऊन नाई बोलला?" ती म्हणाली. "आत्ताच तं बसून गेला. माहा अर्धा खर्रा खाल्ला त्यानं. गुडघ्याचं इचारलं. नातीचं लगन कुठी जमवलं ते इचारलं. मले वाटलं, आज तुमची सुट्टी हाय."

"झाड पाडतो मनून बोलला नाई?"

"एक शब्द नाई. चांगला बोलते बाप्पा तो, पयल्यापासून."

तिला मोळीसकट नाल्यापलीकडे पोचवून मी परत आलो. श्रावण तिथेच उभा होता. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता.

"खर्रा कोनं देल्ला?"

त्यानं गालाला हात लावला. मग खिसा चाचपला. "माहाच असन."

"सोमारी भेटली तुले?"

"सोमारी? तिले पाहून तं महिना झाला. काऊन, बिमार हाय का?"

डोळ्यांत डोळे घालून विचारलं त्यानं. मी खाली बसलो. महिनाभर मी त्याला कामचुकार समजत होतो. तो तर पूर्ण चालला होता. चाळीस पावलं तिकडे, चाळीस इकडे. म्हातारीचा गुडघाही विचारून आला होता. ज्यासाठी गेला तेवढंच येता येता वाटेत सुटलं, आणि ते सुटलं हेही त्याला ठाऊक नव्हतं. मग याला काम केलं म्हणायचं की नाही? मला ठरवता येईना. कष्ट मोजायला मला येतात, पण हे कशात मोजायचं ते कळेना.

ते झाड आम्ही पाडलं. त्याची ओढ नेहमीसारखी चोख होती, आणि त्यामुळे माझा गोंधळ आणखी वाढला.

मी गुणवंतरावांना लगेच सांगितलं नाही. आधी वाटलं, पाहून यायचं काम मी करतो, तो नुसता ओढेल. तसं चार दिवस चाललं. पण बुंधा कडाडला की दोघांनी आधी ठरवलेल्या आपापल्या बाजूला हटायचं असतं, तिथे विचारायला वेळ नसतो. चौथ्या दिवशी बुंधा कडाडला आणि श्रावण माझ्या बाजूला आला. दोघे एकमेकांवर आदळून पडलो. पडताना झाडाचा बुंधा आमच्यापासून हातभर अंतरावर मागे उसळला.

"दिशा तूच बदलली," तो अंगावरची माती झटकत म्हणाला. मी एक क्षण खरंच आठवून पाहिलं, आपणच तर बदलली नाही? त्याच्या बोलण्यात इतकी खात्री होती.

त्या संध्याकाळी मी मुकादमाकडे गेलो. गुणवंतराव म्हणाले, "तुमीच जिम्मेदारी घेतली होती."

"मनूनच सांगून राह्यलो," मी म्हणालो. माझ्यासमोर टोळीतल्या बिरजूला बसवायचं ठरलं.

श्रावणला मीच सांगितलं. "उद्यापासून तू करवतीवर नाई."

तो उठून उभा राहिला. "मी काम चुकवलं का कधी?"

"नाई."

"ढकललं?"

"नाई."

"मंग?"

मी सोमारीचं सांगितलं. तो म्हणाला, "म्हातारी खोटं बोलते." मग डोक्याचा दुपट्टा सोडून पुन्हा बांधला. शेवटी म्हणाला, "तू मनतो तं खरं असन." त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जिथे आम्ही रोज कामावर जायला भेटायचो त्या वळणावर तो हजर. डोक्याला दुपट्टा, हातात भाकरीचं फडकं. "चाल ना, उशीर करून राह्यला." मला पुन्हा सगळं सांगावं लागलं. पुन्हा तोच प्रश्न, काम चुकवलं का कधी. पुन्हा तोच चेहरा, जसं पहिल्यांदाच ऐकतो आहे. तिसऱ्या दिवशीही तेच. रुखमा म्हणाली, "तुमीच सांगा भाऊ. मी सांगतलं तं मनते, डोमाभाऊ सांगन तवाच खरं." आठ दिवस रोज सकाळी मी सांगितलं. करवत ओढून मी असा कधी थकलो नव्हतो. त्याला रोज दुखवून मी काही मिळवत होतो का, हेही कळेना. सांगितलं नाही तर तो कुऱ्हाड घेऊन एकटा जंगलात शिरेल, ही भीती.

नवव्या दिवशी तो वळणावर नव्हता. मी थांबलो, मग गेलो. दिवसभर बिरजू ढकलत राहिला आणि मी त्याला बोललोही नाही. आठवलं असेल का श्रावणला? की डोकं दुखत असेल? सुटल्यावर तसाच त्याच्या घरी गेलो. ऊन अजून अंगणात होतं. तो बाजेवर बसून पोटऱ्या चोळत होता.

"आज आला नाई?"

"आज तं सुट्टी हाय ना," श्रावण म्हणाला. "काल चौदा झाडं पाडली आपुन. तूच बोलला, आंग ठनकते, एक दिवस बसू."

रुखमानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. तिनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मला समजलं नाही. खरं सांगितलं असतं तर तोच प्रश्न होता आणि तेच उत्तर. हो म्हटलं असतं तर माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी न केलेलं काम केलं म्हणून सांगितलं असतं.

"चौदा नाई," मी म्हणालो.

"मंग किती?"

"नऊ."

"नऊच? मले चौदा वाटून राह्यली."

"चौदा दोन मानसाच्यानं होत नाई."

त्यानं विचार केला. "ते बी खरं," म्हणाला. "रुखमा, भाऊले चाय मांड." आणि कोणती कोणती पाडली ते एकेक करून सांगायला लागला. मोहाजवळचं, वर दोन फांटे फुटलेलं दुबेळक्याचं. दगडात उगवलेलं, ज्यानं पात्याचे दोन दात खाल्ले. पोकळ निघालेलं, ज्यातून घोरपड पळाली. झाडं खरी होती. माझ्याच हातांनी पाडलेली. कोणत्या वर्षाची, ते मला सांगता येईना.