बाबांचा डावखुरा कॉम्प्युटर

आधीच सांगून टाकते, भुतंखेतं, नजर, करणी असल्या गोष्टींशी माझं काही देणंघेणं नाही. मी जबलपूरजवळच्या मझौलीला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मांजर आडवं गेलं तर मी त्याला वाट देते आणि आपल्या रस्त्याने जाते. या सदरातले अनुभव वाचून मी आजवर भरपूर हसलेली आहे, आणि आज मीच लिहून राहिली आहे... हसा, चालेल. फक्त कुणाला कारण सुचलं तर कळवा.

जागा म्हणजे जबलपूर, तिथल्या गोरखपूर बाजाराच्या मागच्या गल्लीतलं माझ्या आईचं घर, पहिला मजला. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल आणि टेबलावर बाबांचा जुना कॉम्प्युटर. बाबांनी तो एकेक पार्ट आणून स्वतः जोडला होता. बाबा गेले, आता त्यावर आई बसते. दर रविवारी सकाळी ती इथल्या मराठी घरांतल्या मुलांचा ऑनलाइन क्लास घेते. या मुलांना मराठी समजतं सगळं, पण बोलायला तोंड उघडलं की "आजी, मैं तो जेवून राहिला था" असं काहीतरी बाहेर पडतं. आई शाळेतली रिटायर्ड बाई, तिला हे सहन होत नाही. बाबा गेल्यावर ती दिवसदिवस बोलत नव्हती, आणि या मुलांनीच तिला पुन्हा बोलतं केलं.

माझा दादा बंगळुरूला असतो. त्याचा एकच धोशा, आईने तिकडे येऊन राहावं. आईने त्याला सांगून ठेवलं होतं, "माझा क्लास बंद पडला की येईन. तोवर विषय काढू नको." दादाने ऐकलं. आणि मग कॉम्प्युटरनेच दगा द्यायला सुरुवात केली. लागोपाठ दोन रविवार तो क्लासच्या मधोमध अडकला. आई इकडे बोलून राहिली आणि तिकडे मुलांना तिचं उघडं तोंड तसंच दिसून राहिलं! ग्रुपवर एका मुलाच्या आईचा गोड मेसेज आला, "काकू, थोडे दिन ब्रेक घेऊया का?" येत्या रविवारी मुलं गोष्टी सांगणार होती, पालकही ऐकायला बसणार होते. तेव्हाही अडकलं असतं तर क्लास संपलाच होता. मी गेले तर माळ्यावरची मोठी बॅग खाली उतरवून, पुसून ठेवलेली दिसली. म्हणजे बंगळुरूची तयारी.

"नवीन लॅपटॉप काहून घेत नाही?" असं विचाराल, तर दादाने पाठवलेला आहे. पण आईचे सगळे चित्रांचे धडे बाबांच्या एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ते नव्यात उघडत नाही. शिवाय आईचं म्हणणं, त्या लॅपटॉपची बटणं साबुदाण्याएवढी आहेत.

तर शनिवारी दुपारी मी पदर खोचून बसले. हे माझं रोजचं काम. सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम बंद केले. खिडक्या उघडताना-मिटताना सरकण्याचा आणि सावल्यांचा जो नखरा असतो, तो सगळा काढून 'बेस्ट परफॉर्मन्स'वर टिचकी मारली. टेम्पररी फाइलींचा कचरा साफ केला, मागे गुपचूप चालणारी अ‍ॅप्स थांबवली, पॉवरचं सेटिंग वर नेलं, मेमरी कमी पडली तर वापरायला डिस्कवर जागा वाढवून दिली. रीस्टार्ट केलं आणि... ये रे माझ्या मागल्या! एक फोल्डर उघडेपर्यंत आईचं वरण फोडणी देऊन झालं.

"अगं, जेवून घे आधी," आई म्हणाली. मी कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून आत गेले. घरात आम्ही दोघीच होतो, दाराला आतून कडी. स्वयंपाकघरातून पुढची खोली दिसत नाही, हे मान्य. पण तिथे कुणी येण्यासारखंही नव्हतं.

जेवून आले आणि हात लावला तर कॉम्प्युटर पळून राहिला होता. खोटं नाही सांगत, कॉलेजमधली नवी मशीन्स इतकी पळत नाहीत. आईचा धडा टिचकी मारताच उघडायला हवा होता... पण उघडला नाही, त्याच्या जागी मेनू आला. पुन्हा टिचकी, पुन्हा मेनू. मग लक्षात आलं की माऊसची दोन्ही बटणं उलटी झाली आहेत. डाव्याचं काम उजवं करत होतं.

बाबा डावखुरे होते. ते माऊस डाव्या बाजूला ठेवायचे आणि बटणं अशीच उलटी करून घ्यायचे. ते गेल्यावर मीच माऊस उजवीकडे आणला होता आणि सेटिंग आईसाठी सरळ केलं होतं.

मी म्हटलं, चलो, जुनं सेटिंग कुठून तरी परत आलं असेल. होतं असं कधीकधी. मी ते सरळ केलं, आणि कॉम्प्युटर बसला. बाण जागचा हलेना. कसंबसं पुन्हा उलटं केलं तर लागला पळायला. मी हट्टी बाई आहे, अशी सोडणार नव्हते. सरळ केलं, बसला. उलटं केलं, पळाला. खाली जाऊन बाजारातून नवा माऊस आणला. तेच! नवीन यूजर अकाउंट बनवून बघितलं, त्यातही तेच. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, सगळ्यांचे आकडे उघडून बघत बसले. कुठे काही नाही. बटणं उलटी-सुलटी करण्याचा आणि वेगाचा काडीचाही संबंध नसतो, हे मी पोरांना परीक्षेत विचारू शकते.

मी इतकी वैतागले होते की आईवरच खेकसले, "तू हात लावला होता का याला?"

"मी काहून लावू? मी तर तुला वाढून राहिली होती." तिने वाकून पडद्याकडे बघितलं. "चालून तर राहिला चांगला. मग रडतेस कशाला?"

"आई, बटणं उलटी आहेत. तुला डाव्या हाताने करावं लागेल सगळं."

"अच्छा, ह्यांच्यासारखं?" ती हसली. "असू दे. उजवा हात पाटीवर लिहायला मोकळा राहील." आई मुलांना कॅमेऱ्यासमोर पाटीवर अक्षरं काढून दाखवते.

आता आईचं सांगते. तिला उजव्या हातानेही माऊस धड जमत नाही. "बाण कुठे गेला गं?" हे तिचं पालुपद. डाव्या हाताने तर ती साधा चमचा धरत नाही. म्हणून रविवारी सकाळी मी लवकर गेले, म्हटलं माऊस मी सांभाळते, तू फक्त शिकव. तिने मला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं की क्लास तिचा आहे.

मुलं आली, मागे पालक आले, दोन-तीन आज्यासुद्धा दिसल्या. मी देवाचं नाव घेत नाही, पण त्या वेळी घेतलं. एक चिमुरडी गच्चीवरून पापड पळवणाऱ्या माकडाची गोष्ट सांगू लागली. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी सुरू झाली, आणि ती पुरती व्हायच्या आत आईने त्या घराचा आवाज बंद केला होता. मग माकडाचं चित्र उघडलं, मोठं केलं, बाजूला सारलं, पुढच्या मुलाला समोर आणलं. बाण सरळ जात होता, एकदाही चुकत नव्हता. आईची नजर मात्र पूर्ण वेळ मुलांकडे, आणि उजव्या हाताने ती पाटीवर 'माकड' लिहून राहिली होती.

मी तिच्या डाव्या हाताकडे बघितलं. प्रत्येक टिचकीच्या आधी तिचं बोट माऊसवर दोनदा हलकेच वाजत होतं, टक-टक. ही बाबांची सवय. मी त्यांना विचारायची तर म्हणायचे, दुसऱ्याच्या घरात शिरताना दार वाजवावं. भरदिवसा, खिडकीतून ऊन येत असताना माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पण भीती म्हणाल तर नाही वाटली. मला एकदम रडू आलं, आणि कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून मी स्टूल मागे सरकवलं.

क्लास एकदाही अडकला नाही. शेवटी त्या ब्रेकवाल्या बाई स्वतःच म्हणाल्या, "काकू, हमारी छोटीवालीला पण घ्या ना." दुपारी दादाचा फोन आला, मग कधीचं तिकीट काढू म्हणून. आईने त्याला सांगितलं की नवीन मुलं आली आहेत, आता विषय काढू नको. बॅग मीच पुन्हा माळ्यावर चढवली.

कॉम्प्युटर अजूनही तसाच पळतो. माझ्या कॉलेजच्या सहकाऱ्यांना विचारलं, ते म्हणतात मॅडम, ड्रायव्हरचा काहीतरी लोच्या असेल. असेल बुवा. वेगाचं कारण कदाचित उद्या सापडेलही, मी शोधणं सोडलेलं नाही. पण दुसऱ्या गोष्टीचं काय करू, ते कळत नाही.

त्याच रविवारी संध्याकाळी मटार सोलत बसलो असताना मी आईला विचारलं, "डाव्या हाताने इतकं सफाईने कसं जमलं गं तुला?"

"मी कुठे काय केलं?" आई म्हणाली. "मी तर घाबरून नुसता हात ठेवला होता माऊसवर. तो आपला आपणच चालून राहिला होता. मला वाटलं, तेही तूच सेटिंग करून ठेवलं."

असं सेटिंग कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नसतं. आईला मी "हो" म्हणून सांगितलं आहे.