आधी ठोक, मग पाय सोड

"आत्याबाई, आज टकटक झाली नाही. तुम्ही लवकर या."

हुडकेश्वरहून लताचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. लता म्हणजे दादाची शेजारीण, दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. आमचा दादा, माझा थोरला भाऊ मनोहर, रोज सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवण्याआधी पलंगाच्या पट्टीवर बाबांच्या हातमागाच्या एका लाकडी धोट्यानं ठोकायचा. टक, टक, टक... लताच्या घरी त्या आवाजावर पोरांना उठवायचे. तो आवाज आला नाही म्हणजे काय झालं, हे सांगायची गरजच नव्हती. मी धरमपेठहून ऑटोनं पोचेपर्यंत लताच्या नवऱ्यानं दार तोडलं होतं. तोडावंच लागलं बाई! वरची कडी, मधली कडी, खालची कडी, आणि शिवाय दाराला खुर्ची टेकवलेली. या माणसाच्या घरात यमही खिडकीतूनच आला असेल. दादा झोपेतच गेला होता. चेहरा शांत दिसतो म्हणाले सगळे. मला त्याची एक भुवई तेव्हाही जरा वर गेलेली दिसली. आई-बाबा गेले, वहिनी गेली, आता दादा. मी पलंगाशी बसले आणि मनात एवढंच आलं, की सुमन, तुझं माहेर संपलं.

आता महिना उलटून गेला. डोळे जरा कोरडे झालेत म्हणून लिहायला बसले. आमचे बाबा उमरेडला माग चालवायचे. जमिनीत खड्डा, विणकर काठावर बसणार, पाय खाली अंधारात, तिथं पायानं दाबायच्या पट्ट्या. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी. बाबा जेवायला उठले की दादा हळूच मागावर जाऊन बसायचा, मोठं झाल्याचा आव आणून. एकदा असाच बसला, पाय खाली सोडले, आणि जी किंकाळी फोडली ती साऱ्या गल्लीनं ऐकली. खड्ड्यात मांजर व्यालेली होती. पोटरी ओरबाडून काढली, टाचेचा लचका तोडला. पुढे कितीतरी दिवस त्याला पोटात इंजेक्शनं घ्यायला दवाखान्यात ओढत न्यावं लागे, आणि शाळेतली पोरं मागून "म्यांव" करायची. बाबांनी मांजर पिल्लांसकट पोत्यात घातली आणि गावाबाहेर सोडून आले. दादाला जवळ घेऊन ते एवढंच म्हणाले, "आधी ठोक, मग पाय सोड." माझ्या भावानं हे वाक्य गुरुमंत्रासारखं जन्मभर पाळलं. पुढे माग मोडीत निघाला, आम्ही नागपूरला आलो, दादा नोकरीला लागला, पण तो एक धोटा त्यानं उशाशी ठेवला तो ठेवलाच.

ठोकणं फक्त पलंगापुरतं असतं तर चाललं असतं. दादा सगळं जगच ठोकून बघायचा. संत्री घेताना एकेक हुंगायचा, तेव्हा एक संत्रेवाली त्याला म्हणाली होती, "काका, सोयरीक करून राहिले का संत्र्यासंग?" ऑटोवाला नेहमीच्या रस्त्यानं गेला तरी याला वाटे, आज हा सरळ कसा काय जातोय? माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाच्या ऑफिसातल्या शिपायापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांकडे चौकशी करून आला. काहीच वाईट निघालं नाही, म्हणून जास्तच बेचैन झाला. "एवढा चांगला कसा काय असंल गा कोणी?" असं बाबांना विचारत होता. आमचे हे आता सत्तरीला टेकले, तरी दादाची चौकशी पूर्ण झालेली नव्हती. आणि मांजर... मांजरीचं तर नाव काढायची सोय नव्हती. त्याच्या सचिननं लहानपणी दप्तरातून एक पिल्लू आणलं, तर हा भला माणूस पलंगावर चढून उभा राहिला आणि वहिनी ते कोणाला तरी देऊन येईपर्यंत खाली उतरला नाही.

वहिनी गेल्यावर दादा एकटा पडला. सचिन पुण्याला, तो बोलावून थकला. पण पुण्याच्या पाण्यावर दादाचा भरवसा नव्हता. मी आठवड्याला जाऊन यायचे. मग एका उन्हाळ्यात दादा मला टाळायला लागला. "आज नको येऊ, ऊन आहे." अरे, नागपुरात मे महिन्यात ऊन नाही तर काय असणार? तेवढ्यात सचिनचा फोन. आवाज एकदम खाली.

"आत्या, बाबांकडे कोणी राहायला आलं आहे का?"

"काहून रे?"

"फोनवर बोलता बोलता मध्येच म्हणाले, सरक ना बाई, पाय ठेवू दे. आत्या... बाई असेल का कोणी?"

मी त्याला झापलं. म्हटलं, लाज नाही वाटत बापाबद्दल असं बोलायला! पण फोन ठेवला आणि माझंच डोकं फिरलं. शेवटी त्याचीच बहीण ना मी. लताला विचारलं, तर ती म्हणाली, भाऊजी हल्ली दूध जास्त घेतात. झालं! वहिनी गेल्यापासून मांसमच्छी सोडलेला माणूस बाजारात सुकट घेताना दिसला, असंही तिनं सांगितलं. मला रात्रभर झोप नाही. घर गोड बोलून कोणी लिहून घेतलं तर? औषधात काही मिसळलं तर? दुसऱ्या दिवशी न कळवता भर दुपारी जाऊन थडकले.

"कोण?" आतून आवाज.

"मी."

"मी कोण?"

"तुझी बहीण आहे, दादा! उघड आधी, भाजून राहिली मी इथं."

एकेक कडी निघाली. दार उघडलं ते एवढंसंच, आणि हातात धोटा. मी त्याला बाजूला सारून सरळ आत. स्वयंपाकघरात सुकटीचा वास. ओट्याखाली वहिनीची स्टीलची वाटी, दुधानं माखलेली. मोरीत डोकावले, दाराआड पाहिलं, कपाटसुद्धा उघडलं. "काय शोधून राहिली वं?" म्हणत दादा माझ्यामागे, चेहरा असा की चोरी त्याचीच. शेवटी दमून पलंगावर बसायला गेले तर तो ओरडला, "थांब! आधी ठोकू दे." त्यानं पट्टीवर टकटक केलं, आणि पलंगाखालून एक भुरी, कान फाटलेली मांजर निघाली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाई ती हीच.

मला हसू आवरेना, आणि दादा मात्र कोर्टात उभा असल्यासारखा. "आपली नाही वं ती," तो म्हणाला. "राहून राहिली फक्त." मग हळूहळू सगळं निघालं. खिडकीतल्या कूलरखाली पाणी ठिबकतं, तिथल्या गारव्याला ती येऊन बसायची. कूलरची वाळ्याची ताटी हीच फाडते, असा दादाला संशय. म्हणून तो खिडकीआड खुर्ची टाकून पाळत ठेवायला लागला. ती काही ताटी फाडेना. उलट तीच त्याच्यावर पाळत ठेवून होती. दूध ठेवलं तर हा आत गेल्याशिवाय तोंड लावायची नाही, आणि लावण्याआधी हुंगायची, मग पंजा बुडवून चाटून बघायची. "मले ते बरं वाटलं," दादा म्हणाला. "गोड गोड करत अंगाशी आली असती तर मी हाकलली असती. हे आपल्यासारखीच निघाली, सुमे." एक दिवस लू चालली होती, तेव्हा ती खिडकीतून आत उडी मारून पलंगाखाली जाऊन पडली. दादा वर, पाय पोटाशी घेऊन, दुपारभर. संध्याकाळी त्यानं धोटा ठोकला, ती बाहेर आली, थोडी लांब जाऊन बसली, त्याला उतरू दिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिलाही ते पटलं असावं, की हा माणूस सांगितल्याशिवाय पाय टाकत नाही.

चहा पिताना तो म्हणाला, "सुमे, मी विचार करून राहिलो... त्या खड्ड्यात तिची पिल्लं होती. अंधारात बसलेली बिचारी, अन् वरून माझे पाय आले. तिनं आधी फिस्स केलं असंलच. मलेच मोठेपणाच्या तोऱ्यात ऐकू आलं नसंल. सारे मलेच पाहात होते, मनोहरले चावली, मनोहरले चावली. पण पोत्यात घातलेल्या त्या पिल्लांचं काय झालं वं? कोणी इचारलं का?"

मी कधीच विचारलं नव्हतं, आणि त्या घरात कोणीच विचारलं नव्हतं. जन्मभर साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या माझ्या भावानं म्हातारपणी पहिल्यांदा स्वतःवर संशय घेतला होता, तोही एका मांजरीपायी. त्याचे डोळे भरले होते. "सर्दी झाली," म्हणाला. मला त्या दिवशी दादा जेवढा आवडला तेवढा आधी कधी आवडला नव्हता, हे त्याला सांगायचं राहिलं नाही, मी तिथल्या तिथं सांगितलं. तर म्हणतो कसा, "काहून? काय पाहिजे तुले?"

त्यानंतर मी गेले की आम्ही तिघं असायचो. त्यानं तिला शेवटपर्यंत नाव ठेवलं नाही, बाईच म्हणायचा. मांडीवर घेऊन बसायचा, पण तेव्हाही एक हात तिच्या पंज्यांवर. आणि ती मांडीवर बसायची, पण तोंड दाराकडे. आमच्या शेवटच्या भेटीत त्यानं अचानक विचारलं, "माझ्यामागं हिले कोण पाहीन वं? हे कोणाकडे जात नाही." मी म्हटलं, "तू कुठे चालला? यम आला तर त्याचंच आधार कार्ड मागशील तू." तो हसला, पण मग परत म्हणाला, "तरी... तू पाहाशीन ना?" मी हो म्हटलं. त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, खरं बोलते की नाही ते.

आणि तो गेला त्या सकाळी दार तोडल्याच्या आवाजानं, माणसांच्या गर्दीनं बाई जी पळाली ती दिसेचना. तेरवी झाली. लता म्हणायची, मागे कुठेतरी रडते, पण हाक मारली की गप्प. सचिननं सुकट ठेवून पाहिली, दूध ठेवून पाहिलं, "म्यांव म्यांव" करत अंगणात फिरला. संध्याकाळच्या गाडीनं तो निघणार होता, घराला कुलूप लागणार होतं. एकदा का खिडक्या बंद झाल्या की ती कायमची बाहेर, आणि माझा शब्द हवेत. मला काही सुचेना. दादाच्या रिकाम्या पलंगावर पाय वर घेऊन बसले आणि पोटभर रडले. रडून झाल्यावर उतरायला म्हणून पाय खाली सोडणार, तोच पाय आपोआप थबकला. कधीच काही चावलं नाही मला जन्मात. पण हात उशाशी गेला, धोटा उचलला, आणि दादा ठोकायचा तसाच ठोकला... टक, टक, टक.

खिडकीत कूलरच्या बाजूनं फाटका कान दिसला. मग तोंड. आत आली, अगदी खंगलेली. पलंगाजवळ येऊन माझ्याकडे पाहिलं, धोट्याकडे पाहिलं. पुढे होऊन धोटा हुंगला, नीट, सगळीकडून, मग माझी बोटं हुंगली. सचिन दारात श्वास रोखून उभा. मी हलले नाही. सगळी चौकशी झाल्यावर ती पलंगाखाली शिरली आणि तिथेच अंग टाकून बसली. तेव्हा मी पाय खाली सोडले.

आता धोटा धरमपेठेत माझ्या उशाशी आहे, आणि बाई पलंगाखाली. रोज सकाळी ठोकते, मग उतरते. यांना सुरुवातीला वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झाला, आता तेही ठोकल्याशिवाय पाय ठेवत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या बाईंना मात्र बरेच दिवस काहीतरी खटकत होतं. सकाळी ठोकल्याचा आवाज, दूध जास्त, सुकटीचा वास... परवा जिन्यात त्यांनी मला गाठलंच. आवाज खाली करून म्हणाल्या, "राग नका मानू, पण तुमच्याकडे कोणी राहायला आलं आहे का हो?"

"हो," म्हटलं. "माझ्या माहेरचं माणूस आहे."