बटणावरची टिकली

अक्का सकाळी वजनकाट्यावर आल्या, की खुर्चीत बसायच्या आधी लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यातल्या एफएन बटणावरून करंगळी फिरवायच्या. त्या बटणावर त्यांनी मखमली टिकली चिकटवली होती. ती निघाली असली, तर पिशवीतल्या पाकिटातून नवी काढून लावायच्या आणि मला म्हणायच्या, "हिला धरून ठेव पोरी. हिला सोडलं की समदं सुटतंय."

आमचा काटा हुमनाबादच्या हायवेला. लॉरी वर चढली की वजन आपोआप पडद्यावर येतं. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव तेवढं आपण टाइप करायचं. मी सातवीत शाळा सोडलेली. माहेर पार नाशिककडं, नवरा लॉरीवर. काटा अक्का चालवायच्या, मला शिकवायच्याही त्याच. मालक म्हणाले होते, दसऱ्यापर्यंत एकटीनं काटा सांभाळता आला तर राहा. तेव्हापासून माझी झोप उडाली होती.

लॅपटॉप जुना, लहान. वरच्या ओळीतले आकडे बिघडलेले, बाजूला वेगळी बटणं नाहीत. जे, के, एल या अक्षरांच्याच कोपऱ्यात बारीक निळे आकडे. टिकलीचं बटण धरून वरचं नमलॉक दाबलं, की अक्षरांच्या जागी आकडे उमटतात. परत तसंच केलं, की अक्षरं. मी मात्र तव्याचा चटका बसावा तशी टिकलीवरून बोट उचलायची. मग काहीच व्हायचं नाही.

"कामून भ्यायलीस? इस्तू हाय का त्यो?" अक्का हसायच्या. "बाजारात लेकराचं बोट धरतीस न्हाई का, तसं धर. दुसऱ्या हातानं खुशाल भाजी घे."

आणि हटकून विचारायच्या, "दिवा लागला का गं?"

दिवा म्हणजे आकडे चालू असले की उजळणारा नमलॉकचा हिरवा ठिपका. मला वाटायचं, परीक्षा घेतात. मी वर्गात उभी राहिल्यासारखी सांगायची, "लागला, अक्का."

खंडेनवमीला काट्याची, लॉऱ्यांची पूजा झाली आणि मालकांनी मला खुर्चीत बसवलं. बाहेर झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांची रांग. पहिल्या गाडीचा नंबर नीट पडला. नाव लिहायला घेतलं, तर नावात आकडे. पुसलं. पुन्हा आकडे.

"काय बाई," ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "चिठ्ठी देतीस का इथंच दिवाळी करू?"

मालक माझ्या पाठीशी उभे. अक्का बाकावर प्रसादाचं खोबरं चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दिवा लागलाय का गं?"

लागलेलाच होता. मी टिकली धरली, सोडली नाही, नमलॉक दाबलं. दिवा विझला आणि नाव आलं. मालकांनी खोबऱ्याचा तुकडा उचलला. "उद्यापास्नं हीच बसंल," एवढंच बोलले.

संध्याकाळी अक्का म्हणाल्या, "मी आता नौबादला लेकीकडं ऱ्हाते. त्यो दिवा मला लई दिसापास्नं दिसंना. तुला इचारूनच चालवायले."

टिकली कुणाच्या बोटासाठी होती, ते मला तेव्हा कळलं.

"आधी का नाही सांगितलं, अक्का?"

"तू आधीच भ्यालेली. त्यात मास्तरीण आंधळी म्हनून आनखी भ्या कशाला?"

पिशवीतलं टिकल्यांचं पाकीट त्यांनी लॅपटॉपजवळ ठेवलं आणि बाहेरच्या उजेडात डोळे बारीक करून बस शोधायला लागल्या. मी बोट धरून त्यांना रस्ता ओलांडून दिला.

माझे डोळे चांगले आहेत. तरी टिकली निघाली की मी नवी लावते. लॉरी चढते, करंगळी मखमलीवर टेकते, कोपऱ्यात हिरवा ठिपका उजळतो. खोलीत कुणी नसतं. तरी मी हळूच म्हणते, "लागला, अक्का."