मँडोलिनची सर्वांत बारीक जोडी

बाबांच्या डाव्या कानात मशीन बसलं आणि त्याच आठवड्यापासून त्यांनी माझं मँडोलिन ऐकणं बंद केलं. समोर बसायचे, नाही असं नाही. पण मी वाजवायला लागलो की मशीन काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि मान डोलवायचे. मान तालात नसायची. त्यावरूनच कळायचं.

मँडोलिन त्यांचंच, आठ तारांचं, दोन-दोनच्या चार जोड्या. भातकुलीच्या वाटेवर आमची झेंडूची शेती आहे, ती सांभाळून ते उमेदीची सगळी वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवत होते. मी नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात दिवसभर यंत्रांचा खडखडाट ऐकतो, त्यामुळे मला हळू आवाजाचं संगीत लागतं. चाळिशीत फोनवर जॅझ ऐकलं आणि त्याच्या नादी लागलो. गावात जॅझ म्हणजे काय ते समजावत बसण्यापेक्षा लोकांनी आपल्याला वेडं समजलेलं सोपं पडतं, म्हणून मी कोणाला काही सांगितलं नाही.

मशीन का काढतात, हे मी शेवटी आईला विचारलं. ती म्हणाली, ‘‘बारीक तारेचा आवाज कानात सुईवानी टोचते म्हणतात. तुले सांगू नको म्हने, पोरगं वाईट वाटून घेईन.’’

मला वाईट वाटलंच. दाद मी कधी मागितली नव्हती. पण माझ्या वाजवण्याबद्दल त्यांनी जन्मात एक शब्द काढला नव्हता, आणि त्यांचं वय पाहता मला आता घाई होती. एकदा तरी त्यांनी ऐकावं, मग शिव्या का देईनात.

दोष हाताचा नसून तारेचा आहे, असं माणूस स्वतःला फार लवकर पटवतो. मीही पटवलं. वाचून काढलं, तर जॅझवाल्यांच्या तारा निराळ्या निघाल्या. आपल्याकडच्या जाड तारेवर गोल तार गुंडाळलेली असते, ती चकाकते, खरखरते, झणझणते. त्यांच्या तारेवर चपटी पट्टी गुंडाळतात. बोट सरकलं तरी आवाज नाही, आणि सूर गोधडीखालून आल्यासारखा मऊ. मला हेच पाहिजे होतं.

अमरावतीत विचारलं तर गिटारच्या तारा दाखवल्या. म्हणून अकोल्याला बाबांच्या ओळखीच्या जुन्या दुकानदाराकडे गेलो. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘म्हंजे आवाज कमी येनाऱ्या तारा पायजे तुमाले?’’

‘‘हो.’’

‘‘काहून?’’

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘इतकी वर्सं दुकान चालवून राहिलो. आवाज जास्त पायजे म्हननारेच आले. तुमी पयलेच.’’

पण माणूस जाणकार. मँडोलिन हातात घेऊन त्यांनी दांडीवरून नजर फिरवली आणि बजावलं, की म्हातारं वाद्य आहे, जाड तारांचा ताण त्याला झेपणार नाही, दांडी वाकेल. हलक्यात हलका संच घ्या. आणि टोकाला फास असलेल्या तारा घ्या, मणी असलेल्या याच्या खिळ्यांना बसणार नाहीत. त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. पण त्यांनी माझ्याच फोनवर, माझ्यासमोर बसून, योग्य तो संच शोधून मागवायला लावला. निघताना म्हणाले, ‘‘एक ध्यानात ठेवा. सहा तारा मऊ येतीन. सगळ्यात बारीक जोडी मात्र उघडीच असते, तिच्यावर पट्टी नसते. थे बोंबलनारच.’’

म्हणजे बाबांना जी टोचत होती नेमकी तीच. परतीच्या एसटीत मी अख्ख्या रस्त्याने खिडकीबाहेर पाहिलं, आणि काय पाहिलं ते आठवत नाही.

संच आला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दसऱ्याला सकाळी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळा, कात्री, दाभण, फवारणीचा पंप आणि झेंडूच्या कमानी बांधायच्या तारेचं वेटोळं. मी म्हटलं, आपलंही हत्यारच. पाकीट उघडून आठही तारा त्या वेटोळ्याशेजारी मांडल्या, कुंकू लावलं आणि फुलं घेऊन बाजारात गेलो.

फुलं विकणाऱ्याच्या दाराला तोरण सगळ्यांत शेवटी लागतं. गिऱ्हाईक आधी, उरलेल्या फुलांत घर. दुपारी परत आलो तेव्हा आईने तोरण लावलेलं होतं आणि पूजेत तारा सहाच होत्या.

‘‘दोरा सरला होता,’’ आई म्हणाली. ‘‘तुयी थे बारीक तार लय चांगली हाय. सुई बी लागली नाई, सरसर ओवल्या गेलं.’’

मी दाराकडे पाहिलं. झेंडू आणि आंब्याच्या पानांतून माझी सर्वांत बारीक जोडी आरपार गेलेली होती. भडकलो. सणाच्या दिवशी आईवर ओरडू नये म्हणून आत गेलो आणि रागारागात जुन्या सगळ्या तारा काढून उरलेल्या सहाच चढवल्या. सूर लावले. वरची जोडी नाही, म्हणून चाल खालच्या तारांवर उतरवून घेतली आणि ओसरीत बाबांसमोर बसलो.

त्यांचा हात सवयीने कानाकडे गेला. तिथेच थांबला. मग खाली आला.

मी वाजवत राहिलो. मशीन कानातच होतं. मान हलत नव्हती. चाल संपली.

‘‘दुसऱ्या ओळीत बेसूर झाला तू,’’ ते म्हणाले. ‘‘अन् येवढी घाई कायची हाय? वरात निंगाली काय?’’

मला इतका आनंद झाला की पुन्हा वाजवताना तिसऱ्या ओळीतही बेसूर झालो. तेही त्यांनी सांगितलं.

तोरण वाळल्यावर आईने दोन्ही तारा धुऊन, पुसून मला परत दिल्या. चांगल्या होत्या, चढवता आल्या असत्या. मी त्या पुन्हा तिच्याच हातात दिल्या. सणासुदीला फुलं बदलतात, आमच्या दाराच्या तोरणाची तार तीच असते.