खलनायकाच्या बंगल्यात मावशीची खोली

ऐंशीच्या दशकात आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव नाटकं लागायची आणि मी पडदे रंगवत फिरायचो. जंगल, देऊळ, रस्ता मी डोळे मिटून रंगवायचो. बघणारेही तेच म्हणायचे. एकदा सिंदेवाहीकडच्या एका मंडळाने खलनायकाच्या बंगल्याचा दिवाणखाना मागितला. बंगला मी बाहेरूनसुद्धा धड पाहिला नव्हता. तरी 'बंगल्यातच वाढलो' अशी थाप ठोकून काम घेतलं.

पडद्यापुढे बसलो तर सजवलेली खोली म्हणून एकच आठवली, मावशीची! काका कोळसा खाणीत होते, त्या क्वार्टरमधली. निळी भिंत, रेडिओवर विणलेला रुमाल, काचेच्या मण्यांचा पोपट, दारावर फुटक्या बांगड्यांचं तोरण. सगळं हुबेहूब उतरलं. बुद्धाची तसबीर तेवढी गाळली. तिथे निळा चौकोन रिकामा सोडला.

पडदा टांगल्यावर डोक्यात प्रकाश पडला. काका निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून मावशी याच गावात आली होती आणि मी दोन्ही वेळ तिच्याच घरी जेवत होतो. तिने खोली ओळखली, की आपलं ताट उठलं!

दुपारी तालमीच्या वेळी ती माझा डबा घेऊन आली आणि पडद्यापुढे थबकली.

"काऊन रे, हे घर कोनाचं?"

"खलनायकाचं, मावशी."

"दारू पिते का तो?"

"पिते."

"माह्या तोरणाखाली बसून?"

मी ब्रशाचे केस तपासू लागलो. ती पुढे गेली, रिकाम्या चौकोनावर हात ठेवला.

"इथी काऊन नाई काढलं?"

"त्याच्या घरी कसं काढू?"

"बरं केलं." मग तोरणाकडे बघत राहिली. "क्वार्टर सोडलं तवा हे खिळ्यालेच राहून गेलं, बाप्पा. मले वाटलं, आता हे काई पुन्हा दिसत नाई."

तेवढ्यात खलनायक बूट वाजवत आत आला.

मावशी ओरडली, "ओ भाऊ! जोडे भायेर काढा. आत्ताच सारवलं... म्हंजे, काढा."

त्याने मुकाट्याने काढले. नाटकाला मावशी पहिल्याच रांगेत बसली होती, म्हणून तेव्हाही तो कोट-टाय घालून अनवाणीच गरजला. दिग्दर्शक माझ्यावर खेकसला, "हे काय?"

"मोठ्या बंगल्यात अशीच पद्धत असते," मी म्हणालो. बंगल्यात वाढलेल्या माणसाशी कोण वाद घालणार! आणि मला दुसऱ्या दिवशीही मावशीकडेच जेवायचं होतं.